आकड्याची बंदूक

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं.

एक बंदूक आहे. लांबी जवळजवळ तुमच्या बाबांएवढी. वजन घरातल्या गॅसच्या रिकाम्या सिलिंडरएवढं, म्हणजे १५ किलोच्या आसपास. नळीचं तोंड एवढं मोठं की त्यात अंगठा जाईल. मागचा लाकडी दस्ता ओबडधोबड, त्यावर नक्षीबिक्षी काही नाही. आणि नळीच्या खालच्या बाजूला लोखंडाचा एक भक्कम आकडा, सुळ्यासारखा खाली आलेला. हा आकडा कशासाठी?

खुंटीला अडकवायला? नाही. भिंत चढून येणाऱ्या शत्रूला ओढायला? तेही नाही. खांद्यावर अडकवून चालायला? अहो, ही बंदूक खांद्यावर घेऊन कोणी दोन मैलसुद्धा चालणार नाही. तशी ती चालण्यासाठी केलेलीच नव्हती. तिची जागा ठरलेली असे : तटबंदीवर. बंदूक भिंतीच्या कठड्यावर ठेवायची, आकडा कठड्याच्या बाहेरच्या कडेला अडकवायचा आणि मग बार उडवायचा. बंदूक मागे उसळू पाहते, पण आकडा भिंतीला धरून बसतो. धक्का माणसाच्या खांद्याऐवजी भिंतीला बसतो. झालं, एवढंच आकड्याचं काम.

आता तुम्ही म्हणाल, बंदुकीचा धक्का तो केवढा आणि त्यासाठी एवढा खटाटोप! थोडं गणित करून पाहू. घाबरू नका, गुणाकार-भागाकारच आहे.

घरात किंवा बागेत झोपाळा असेल तर त्यावर बसा, पाय वर घ्या आणि हातातलं भरलेलं दप्तर जोरात पुढे फेका. (समोर कोणी नाही ना, बघा. आईला विचारलेलं बरं.) झोपाळा मागे जातो की नाही? दप्तर जेवढं जड आणि जेवढ्या जोरात फेकलं, तेवढा झोपाळा जास्त मागे जातो. तुम्ही स्वतः जेवढे जड, तेवढा तो कमी हलतो. मोठ्या मुलांनी विज्ञानाच्या पुस्तकात याचं नावही वाचलं असेल : संवेग अक्षय्यतेचा नियम.

आता दप्तराच्या जागी गोळी घ्या. त्या काळची गोळी म्हणजे शिशाचा गोल. २० मिलिमीटर व्यासाच्या गोलाचं वजन जवळजवळ ५० ग्रॅम भरतं. नळीतून सुटताना तिचा वेग सेकंदाला ४५० मीटर धरू. (हा आकडा मी मनानं धरलेला नाही, तो कुठून आला ते पुढे सांगतो.) ५० ग्रॅम म्हणजे ०.०५ किलो. ०.०५ गुणिले ४५०, उत्तर २२.५. बंदूक साधी, ५ किलोची असेल तर २२.५ भागिले ५, म्हणजे ती सेकंदाला ४.५ मीटर वेगानं मागे येणार. तासाला १६ किलोमीटर! सायकल चांगली दामटली की जो वेग येतो तो. त्या वेगानं पाच किलोचा लोखंड-लाकडाचा ठोकळा तुमच्या खांद्यावर आदळणार. तीच गोळी १५ किलोच्या बंदुकीतून उडवली तर मागे येण्याचा वेग सेकंदाला दीड मीटर, म्हणजे साध्या चालण्याएवढा. बंदूक मुद्दाम एवढी जड का करायची, ते आता लक्षात आलं ना? खरं तर गोळीबरोबर दारूचा पेटलेला वायूही बाहेर पडतो, त्यामुळे धक्का आपल्या हिशेबापेक्षा जास्तच बसतो. शिवाय असे बार दिवसातून एक-दोन नव्हे, कितीतरी उडवायचे. माणसाच्या हाडांनी किती सोसायचं? म्हणून आकडा. भिंतीला काहीच वाटत नाही.

मला या आकड्याचं फार कौतुक वाटतं. चाक नाही, स्प्रिंग नाही, लोहाराला तासाभरात जोडता येईल असा लोखंडाचा एक तुकडा. पण त्यानं सगळा प्रश्न सोडवला.

जर्मन भाषेत आकड्याला म्हणतात 'हाकेन'. नळीच्या बंदुकीला 'ब्युक्से'. म्हणून ही झाली 'हाकेनब्युक्से', आकड्याची बंदूक. हा शब्द युरोपभर फिरला आणि जिथे गेला तिथे त्याची तोंडं बदलली. इंग्रजांनी त्याचं 'हॅकबट' केलं, फ्रेंचांनी 'आर्केब्यूज', आणि तिथून पुन्हा इंग्रजीत आला 'आर्क्वेबस'. इतिहासाच्या पुस्तकात हा शब्द तुम्हाला भेटेल. गंमत अशी की पुढे पुढे हलक्या, खांद्याला लावून उडवायच्या बंदुकीलाही आर्क्वेबसच म्हणू लागले. तिला आकडा नव्हता, तरी नाव आकड्याचं! यात हसण्यासारखं काही नाही. तीळ गाळून काढतात ते 'तेल', पण आपण शेंगदाण्याचं तेल म्हणतोच की, आणि खोबऱ्याचंही.

या आकड्याची एक जुनी गोष्ट बोहेमियातली आहे. बोहेमिया म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाचा पश्चिमेकडचा भाग. तिथे १४१९ ते १४३४ या काळात मोठं युद्ध झालं. यान हुस नावाच्या धर्मसुधारकाला १४१५ साली जिवंत जाळलं होतं, त्याचे अनुयायी बादशहाच्या फौजांशी लढायला उभे राहिले. त्यात शेतकरी पुष्कळ. समोर चिलखत घातलेले घोडेस्वार, आणि यांच्याकडे ना किल्ला ना तट. त्यांचा सेनापती यान जिश्का एका डोळ्यानं आंधळा होता, आणि पुढे तर दुसराही डोळा गेला. त्यानं काय केलं, तर शेतावरच्या गाड्या आणल्या, त्यांना जाड फळ्या ठोकल्या आणि गाडीला गाडी साखळीनं जोडून माळावरच तट उभा केला. फळीच्या कडेला आकडा अडकवायचा आणि बार उडवायचा. घोडा फळीवरून उडी मारू शकत नव्हता. चेक भाषेत या बंदुकीचं नाव 'हाकोव्निट्से', अर्थ तोच, आकडेवाली. त्यांच्या दुसऱ्या एका आखूड तोफेचं नाव होतं 'होउफ्निट्से'. हे नाव ओळखीचं वाटतंय? त्याचंच पुढे 'होवित्झर' झालं. आपल्या लष्कराच्या तोफांच्या बातम्यांत तुम्ही तो शब्द ऐकला असेल.

गाडी काय किंवा तट काय, ही बंदूक कशाच्या तरी आडोशानं, थांबूनच लढणारी. हल्ला करणाऱ्याला सामान घेऊन चालावं लागतं, म्हणून त्याला हलकी बंदूक हवी. राखण करणारा जागेवरच असतो, त्याला वजनाची फिकीर नाही. त्यामुळे तो मोठी गोळी आणि जास्त दारू वापरू शकतो. वेढा घालणारे लोक लाकडी ढाली पुढे ढकलत येत, नाहीतर चर खणत येत. साध्या गोळीला दाद न देणारी फळी मोठ्या गोळीपुढे टिकत नसे. आता तोफ का नाही, असं कोणी विचारील. तोफ होतीच, पण ती महाग, तिला पाच-सहा माणसं लागतात आणि पुन्हा भरायला वेळ लागतो. दहा पावलांवर एकेक तोफ कोणतं गाव ठेवणार? तोफ आणि बंदूक यांच्यामधली ही रिकामी जागा आकड्याच्या बंदुकीनं भरली.

ती चालवायला बहुधा दोघे लागत. आधी नळीत दारू ओतायची, मग गोळी, मग लांब गजानं ते सगळं ठासायचं. नळीच्या मागच्या बाजूला कान, म्हणजे बारीक भोक. त्यावर चिमूटभर बारीक दारू ठेवायची, तिला आपल्याकडे रंजक म्हणत. एकानं नेम धरायचा, दुसऱ्यानं तोडा लावायचा. तोडा म्हणजे सोऱ्याच्या पाण्यात भिजवून वाळवलेली, सावकाश धुमसत राहणारी दोरी. पाऊस आला की तोडा विझला आणि रंजक भिजली! पुढे घोडा दाबून चालणारी कळ आली आणि हे दुसऱ्या माणसाचं काम सुटलं.

अशा बंदुका आज पाहायच्या असतील तर ऑस्ट्रियातल्या ग्रात्स या गावी जायला हवं. ग्रात्स ही स्टायरिया या प्रांताची राजधानी. तिथल्या कॅथिड्रलच्या बाहेरच्या भिंतीवर १४८५ साली काढलेलं एक चित्र आहे. पाच वर्षांपूर्वी, १४८० साली, या प्रांतावर एकाच वर्षात तीन संकटं आली : टोळधाड, तुर्कांची स्वारी आणि प्लेग. तिन्ही त्या चित्रात काढली आहेत. ऊन-पावसानं चित्र आता पुष्कळ पुसट झालंय. आपल्या गावावर काय काय आलं हे देवाला आणि पुढच्या लोकांना कळावं, म्हणून देवळाच्या भिंतीवर काढून ठेवणारी ती माणसं किती भेदरली असतील याचा विचार करा.

त्यानंतरही दीड-दोनशे वर्षं ती सरहद्द धगधगतच राहिली. उस्मानी तुर्कांचं साम्राज्य पूर्वेकडून सरकत हंगेरीत आलं होतं. १५३२ साली सुलतान सुलेमान स्वतः प्रचंड सैन्य घेऊन व्हिएन्नाकडे निघाला. वाटेत सरहद्दीजवळ कोसेग नावाचं एक चिमुकलं गाव होतं. तिथला किल्लेदार निकोला युरिशिच. त्याच्याजवळ सातशे-आठशे माणसं, त्यातले खरे शिपाई हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, बाकी आसरा घ्यायला आलेले शेतकरी. तोफ एकही नाही, बंदुकाही थोड्याच. समोर लाखाच्या घरातली फौज. तरी ते गाव ऑगस्टचा जवळजवळ सगळा महिना झुंजलं. शेवटी तडजोड झाली. तटावर तुर्की निशाणं लावू द्यायची, पण सैन्य आत यायचं नाही! नावापुरती शरणागती, आणि सुलतान ३० ऑगस्टला निघून गेला. तोवर मोहिमेचे दिवस सरत आले होते. व्हिएन्नाला वेढा न घालताच सैन्य परत फिरलं आणि जाताना स्टायरियातून, ग्रात्सजवळून, लुटालूट करत गेलं. तुर्क अकरा वाजता गेले, अशी आठवण सांगतात. म्हणून कोसेगमध्ये चर्चच्या घंटा बारा वाजता नव्हे, अकरा वाजता वाजतात.

तुर्कांना राक्षस समजू नका बरं का. ती चित्रं आणि आठवणी या बाजूच्या लोकांच्या आहेत. तुर्कांचेही किल्ले होते, त्यांच्याही तटांवर अशाच जड बंदुका होत्या, आणि पलीकडची गावंही याच तऱ्हेनं जळत होती. ज्याच्या दारात सैन्य येतं त्याला ते टोळधाडीसारखंच वाटतं.

ग्रात्सच्या लोकांनी शस्त्रं साठवायला सुरुवात केली ती या धास्तीनं. लोखंडाला तोटा नव्हता. त्याच प्रांतात एर्झबर्ग नावाचा लोखंडाचा डोंगर आहे, पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला, आजही तिथे खनिज काढतात. शस्त्रं एवढी झाली की १६४२ ते १६४५ या वर्षांत त्यांच्यासाठी खास इमारत बांधली. भिंती दगडी, पण आतून सगळं लाकूड, कारण लाकडामुळे दमट हवा कमी त्रास देते आणि गंज कमी चढतो. तळमजला आणि वर चार मजले. स्वारीची बातमी आली की माणसांना शस्त्रं वाटायची, संकट टळलं की परत घ्यायची, पुसायची, तेल लावून जागच्या जागी ठेवायची. शाळेच्या वाचनालयासारखंच. सरहद्दीवरच्या ठाण्यांनाही इथूनच सामान जाई. तिथे आज ३२ हजारांच्या आसपास वस्तू आहेत : चिलखतं, भाले, तलवारी, पिस्तुलं आणि रांगेनं ठेवलेल्या आकड्याच्या जड बंदुका. मोठ्या बंदुकीचं तिथलं नाव 'डोपेलहाकेन', म्हणजे दुप्पट आकडा. नाव ऐकून दोन आकडे शोधू नका. आकडा एकच, बार मात्र दांडगा.

आता त्या ४५० मीटरचा हिशेब. १९८८ आणि १९८९ साली ऑस्ट्रियातल्या अभ्यासकांनी या साठ्यातल्या काही अस्सल बंदुका सैन्याच्या चाचणी-मैदानावर नेल्या आणि खरोखर उडवून पाहिल्या. चारशे वर्षांची नळी फुटली तर? म्हणून माणसाच्या हातात न देता त्या चौकटीत घट्ट बसवल्या आणि दुरून विजेनं पेटवल्या. गोळ्यांचा सुरुवातीचा वेग सरासरी सेकंदाला साडेचारशे मीटर निघाला. आवाजाचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, म्हणजे गोळी आवाजाच्या पुढे पळत होती. मुकाबल्याला घेतलेल्या आजच्या पिस्तुलापेक्षाही हा वेग जास्त. आपण उगाच समजतो, जुनं म्हणजे लेचंपेचं!

नेमाची गोष्ट मात्र वेगळी. चौकटीत बसवलेली बंदूक, म्हणजे हात थरथरण्याचा प्रश्न नाही, तरी शंभर मीटरवरच्या माणसाएवढ्या फळीवर बऱ्याच बंदुकांच्या जवळपास निम्म्याच गोळ्या लागल्या. गोळी गोल, नळी आतून गुळगुळीत, त्यामुळे गोळी कशीही गिरकी घेत जाते आणि वाट सोडते. गोल गोळीचा वेगही हवेत झपाट्यानं उतरतो. मोठ्या, जड गोळीचा त्या मानानं कमी. टेबल-टेनिसचा चेंडू आणि क्रिकेटचा चेंडू दूर फेकून पाहा, म्हणजे पटेल. तटावरच्या जड बंदुकीचा खरा फायदा हाच होता.

पण हा साठा राहिला कसा? १६९९ सालच्या तहानंतर तुर्कांची भीती पुष्कळ ओसरली. पुढे मारिया तेरेसा ही राणी गादीवर आली. तिला सगळं सैन्य एका हाताखाली हवं होतं, प्रांतांची वेगवेगळी शस्त्रागारं नकोत. १७४९ साली ग्रात्सचं शस्त्रागार बंद करायचं ठरलं. उपयोगाचं असेल ते न्यायचं आणि जुनं मोडीत काढायचं. तिच्या बाजूनं पाहिलं तर चुकीचं काहीच नव्हतं. शंभर-दीडशे वर्षांच्या तोड्याच्या बंदुका घेऊन नवं सैन्य करणार काय? घरातही आपण तेच करतो. जुनी पितळी भांडी मोडीला जातात आणि मग आजी हळहळते. पण स्टायरियाच्या सभेतल्या लोकांनी राणीला अर्ज केला : हे लोखंड कामाचं नाही हे खरं, पण आमच्या वाडवडिलांनी काय सोसलं त्याची ही आठवण आहे, ती आमच्यापाशी राहू द्या. राणीनं ऐकलं. युरोपातली असली बहुतेक शस्त्रागारं विकली, वितळवली किंवा जळली. ग्रात्सचं तेवढं जसंच्या तसं राहिलं. आज तिथे लोक तिकीट काढून जातात.

आपल्याकडे काय होतं, असं तुम्ही विचारणारच. आपल्याही किल्ल्यांवर तोफेहून लहान आणि बंदुकीहून मोठी अशी हत्यारं होती. जुन्या मराठी कागदांत जेजाला आणि जंबुरे हे शब्द येतात, ते यांचेच. 'जंबूर' म्हणजे फारसीत गांधीलमाशी. आवाज आणि दंश, दोन्ही आलं त्यात. धक्का आणि वजन पेलायला आपल्याकडे निराळी युक्ती असे : बंदूक लोखंडी बेचक्यात बसवायची आणि बेचक्याचा खुंट भिंतीत नाहीतर लाकडात रोवायचा. बेचकं फिरतं, त्यामुळे नळी हवी तिकडे वळते. हीच बंदूक कोणी उंटाच्या पाठीवर बसवली आणि तिची जागा सुटली, भिंतच चालायला लागली म्हणा ना! १७६१ साली पानिपतावर अब्दालीकडे असे जंबुऱ्यांचे उंट होते, आणि त्यांनी मराठ्यांना फार जाच दिला.

सुट्टीत एखाद्या किल्ल्यावर गेलात तर तटातल्या जंग्या नीट पाहा. जंग्या म्हणजे भिंतीत ठेवलेली बंदुकीची भोकं. आतून डोळा लावला की खालची वाट बरोबर समोर येते. (तटावर चढायचं नाही हं. डोळा लावायला चढावं लागत नाही.) बाहेरून पाहिलं तर तेच भोक वीतभरही दिसत नाही.

आणि आता तुमच्यासाठी गणित. २० किलोची आकड्याची बंदूक आहे, गोळी १०० ग्रॅमची, वेग सेकंदाला ४०० मीटर. आकडा अडकवायला विसरलात, तर बंदूक किती वेगानं मागे येईल? दारूच्या वायूचा हिशेब सोडून द्या. उत्तर पोस्टकार्डावर लिहून पाठवा. भागाकार करूनच पाठवा, नुसता आकडा नको. बरोबर उत्तर पुढच्या अंकात.